प्रवक्ते पुरे, माहितगार बोलवा : मराठी न्यूज चॅनेलच्या संपादकांना आणि अँकर मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी कळव्याला राहतो. मराठी न्यूज चॅनेल सुरू झाली तेव्हापासून बघतोय आणि रात्रीच्या चर्चा तर आमच्या घरात जेवणाबरोबरच चालू असतात. चर्चा बंद करा असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये. उलट चर्चा हव्यात, चांगल्या हव्यात, म्हणूनच एवढं सविस्तर लिहायला बसलोय. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. चर्चेला पक्षांचे प्रवक्ते बोलवणं थांबवा आणि त्या विषयातली माहितगार माणसं बोलवा. रोज जमणार नसेल तर आठवड्यातून एक दिवस तरी करा.

हे मी का म्हणतोय ते समजायला जरा मागे जावं लागेल आणि जरा लांबही जावं लागेल, कारण तुम्ही रोज रात्री जो साचा वापरता तो आपल्याकडे तयार झालेला नाही, तो अमेरिकेतून आलाय आणि तिकडे त्याचं पुढे काय झालं हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असणार, पण प्रेक्षकांना कोणी सांगत नाही.

अमेरिकेत टेड टर्नर यांनी १ जून १९८० ला अटलांटामधून सीएनएन सुरू केलं, चोवीस तास फक्त बातम्या. चोवीस तास भरायचे म्हणजे काहीतरी लागणारच, आणि नुसत्या बातम्या दाखवायच्या तर प्रत्येक ठिकाणी माणूस, कॅमेरा, प्रवास, सगळा खर्चच खर्च. १९८२ मध्ये त्यांनी 'क्रॉसफायर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. (आपली ठाणे महानगरपालिकाही त्याच वर्षीची, १९८२ ची, म्हणून मला हे साल कायम लक्षात राहतं.) टॉम ब्रेडन डाव्या बाजूचे आणि पॅट ब्युकॅनन उजव्या बाजूचे. दोघं आधी वॉशिंग्टनमध्ये रेडिओवर एकत्र वाद घालायचे, तीच जोडी टीव्हीवर आणली. अर्धा तास. समोर पाहुणे बसवायचे आणि दोघांनी दोन बाजूंनी प्रश्न विचारायचे.

आता यात एक गोष्ट नीट बघा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. सुरुवातीच्या क्रॉसफायरमध्ये बाजू कोणाची होती? प्रश्न विचारणाऱ्यांची. कोण कुठल्या बाजूचा आहे हे कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगितलं जायचं, 'डावीकडून अमुक', 'उजवीकडून तमुक' असं उघडपणे, लपवाछपवी नाही. पाहुणा कुठल्याही पक्षाचा असला तरी त्याला निदान एका बाजूने तरी अवघड प्रश्न यायचाच, सुटका नाही. आणि प्रश्न विचारणारे बहुतेक लिहिणारे लोक होते. ब्रेडन सीआयएमध्ये होते हे खरं, पण पुढे त्यांनी स्वतःचं वर्तमानपत्र चालवलं आणि कॉलम लिहिले. ब्युकॅनन निक्सन यांची भाषणं लिहायचे आणि पुढे स्तंभलेखक झाले. नंतर आलेले रॉबर्ट नोव्हाक म्हणजे तर आयुष्यभर वॉशिंग्टनमध्ये बातमीदारी केलेला माणूस, आणि १९८९ मध्ये ब्रेडन यांच्या जागी आलेले मायकेल किन्सली 'न्यू रिपब्लिक' साप्ताहिकाचे संपादक होते. या लोकांची मतं पक्की होती, कधीकधी टोकाची होती, मला स्वतःला ब्युकॅनन यांची बरीच मतं अजिबात पटत नाहीत. पण ती मतं त्यांची होती. सकाळी पक्षाच्या ऑफिसातून मेसेज आला म्हणून रात्री ते बोलत नव्हते. किन्सली डाव्या बाजूचे असून डाव्यांना चिमटे काढायचे. नोव्हाक यांनी तर पुढे इराक युद्धाला विरोध केला, स्वतःच्याच उजव्या बाजूचं, रिपब्लिकन सरकार असताना. मत असलेला माणूस असं करू शकतो, प्रवक्ता करू शकत नाही, केलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं प्रवक्तेपद जातं.

मग हळूहळू बदल होत गेला. ब्युकॅनन १९९२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरायला कार्यक्रम सोडून गेले, परत आले, १९९६ च्या निवडणुकीसाठी परत गेले, परत आले आणि १९९९ ला तिसऱ्यांदा गेले. म्हणजे टीव्हीवरची खुर्ची आणि निवडणुकीचं तिकीट यांच्यात येणं-जाणं सुरू झालं. बुश थोरले यांचे चीफ ऑफ स्टाफ असलेले जॉन सुनुनू येऊन बसले. त्यांच्याच प्रचाराच्या मेरी मॅटॅलिन आल्या. मग क्लिंटन यांना निवडून आणणारे जेम्स कारव्हिल आणि पॉल बेगाला आले. हे हुशार लोक आहेत यात वादच नाही, पण यांचा धंदा निवडणूक जिंकून देण्याचा. २००२ मध्ये कार्यक्रम जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात समोर प्रेक्षक बसवून होऊ लागला, टाळ्या, हुर्यो, सगळं. २००४ च्या निवडणुकीत तर कारव्हिल आणि बेगाला डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉन केरी यांच्या प्रचाराला सल्ला देत होते आणि दुसरीकडे त्याच निवडणुकीवर टीव्हीवर चर्चा करत होते.

१५ ऑक्टोबर २००४ ला जॉन स्टुअर्ट त्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला. विनोदी कार्यक्रम करणारा माणूस, म्हणजे हसवेल अशीच अपेक्षा. समोर उजवीकडून टकर कार्लसन आणि डावीकडून बेगाला. तो बसला आणि सरळ विनवणीच करायला लागला की हे थांबवा, तुम्ही देशाचं नुकसान करताय, तुम्ही करताय ते नाटक आहे, वादविवाद नाही, राजकारण्यांना सोपं जाईल असं वागताय, आम्हाला तुमची गरज आहे. कार्लसन त्याला म्हणत राहिला की अरे विनोद कर, आणि तो करेना. तो व्हिडिओ आजही लोक शोधून शोधून बघतात. जानेवारी २००५ मध्ये सीएनएनचे नवे प्रमुख जोनाथन क्लाइन यांनी कार्यक्रम बंद करायचं जाहीर केलं आणि उघडपणे सांगितलं की स्टुअर्टचं एकूण म्हणणं मला पटतं. जून २००५ मध्ये क्रॉसफायर संपला. ज्या चॅनेलने हा साचा तेवीस वर्षं चालवला त्याच चॅनेलच्या प्रमुखाने हे म्हणावं ही साधी गोष्ट नाही हो.

पण गोष्ट इथे संपत नाही आणि मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०१३ मध्ये सीएनएनने तोच कार्यक्रम परत आणला. बसवले कोणाला? एक न्यूट गिंग्रिच, माजी स्पीकर आणि आदल्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढलेले. दुसऱ्या स्टेफनी कटर, ओबामांच्या २०१२ च्या प्रचाराच्या उपप्रमुख. सोबत व्हॅन जोन्स आणि एस. ई. कप. म्हणजे जी चूक पहिल्या वेळी हळूहळू वीस वर्षांत झाली ती दुसऱ्या वेळी पहिल्या दिवसापासूनच केली. वर्षभरानंतर, ऑक्टोबर २०१४ मध्ये कार्यक्रम परत बंद.

लोक म्हणतात क्रॉसफायर आरडाओरड्यामुळे बंद पडला. मला तसं वाटत नाही. आरडाओरडा पहिल्यापासून होता, ब्रेडन आणि ब्युकॅनन काही कुजबुजत नव्हते. बिघडलं तेव्हा, जेव्हा विचार करणाऱ्याच्या खुर्चीत प्रचार करणारा माणूस बसला. कारण मग प्रश्न विचारायचा असतो तो उत्तर मिळावं म्हणून राहत नाही, समोरच्याला खाली पाडावं म्हणून राहतो, आणि प्रेक्षकाला शेवटी काहीच कळत नाही.

आता आपल्याकडे या.

खाजगी वाहिन्यांवर १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'आप की अदालत' सुरू झालं, एक माणूस पिंजऱ्यात आणि त्याला प्रश्न. मग नव्वदीच्या शेवटी आणि त्यानंतर इंग्रजीत 'बिग फाईट' वगैरे आले. मराठीत २००७ साल मोठं, झी २४ तास आणि स्टार माझा (आताचं एबीपी माझा) एकाच वर्षी आले, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. आयबीएन लोकमतवर निखिल वागळे 'आजचा सवाल' करायचे. त्यांच्याशी पटो न पटो, आमच्या बिल्डिंगमध्ये दोन्ही प्रकारचे लोक होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये कालचा सवाल हा विषय असायचा. तेव्हाही प्रवक्ते यायचे, पण सोबत कोणी अर्थशास्त्राचे प्राध्यापक, कोणी धरणग्रस्तांसाठी काम करणारे, कोणी शेतकरी संघटनेचे असे लोक दिसायचे आणि त्यांना वाक्य पूर्ण करता यायचं.

आज काय दिसतं? स्क्रीनवर सहा खिडक्या, कधी आठ. चार खिडक्यांत चार पक्षांचे प्रवक्ते. सरकार बदललं, पक्ष फुटले, तशा खिडक्या वाढल्या, कारण आता एकाच नावाच्या दोन-दोन पक्षांचे दोन-दोन प्रवक्ते घ्यावे लागतात. उरलेल्या एका खिडकीत 'राजकीय विश्लेषक'. खाली लाल पट्टी, वर काउंटडाऊन, बाजूला फिरणारे ग्राफिक. 'मला बोलू द्या', 'मी तुमच्यात बोललो नाही', 'एक मिनिट, एक मिनिट', आणि मग 'घेऊया एक छोटासा ब्रेक'.

आमच्या ओळखीतल्या एका काकांचा प्रसंग सांगतो. ते रेल्वेतून रिटायर झालेले, आयुष्य ट्रॅक आणि सिग्नलमध्ये गेलेलं, ठाणे ते कल्याण पट्टा तळहातासारखा पाठ. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं पडून मेली तेव्हा त्यांना एका चॅनेलमधून संध्याकाळी फोन आला, कोणता ते सांगत नाही. गेस्ट कोऑर्डिनेटर मुलगी होती, अगदी नम्र बोलली, सर फोन आडवा ठेवा, लाईट समोरून घ्या, मागे भिंत साधी असू दे. काकांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला, डायनिंग टेबलवर डबे रचून त्यावर मोबाईल टेकवला आणि वहीच्या पानावर मुद्दे लिहून घेतले. मी ते पान बघितलंय. त्यात लिहिलं होतं की मुंब्र्याच्या वळणावर काय होतं. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाईन फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली पण त्याने लोकलच्या फेऱ्या किती वाढल्या हे विचारा. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून, ऐरोली-कळवा लिंक.

हा लिंकचा विषय बाहेरगावच्या वाचकांसाठी दोन ओळीत सांगतो. कल्याण, डोंबिवली, बदलापूर, टिटवाळ्याकडून येणारी आणि नवी मुंबईत कामाला जाणारी प्रचंड संख्येने माणसं आधी ठाण्याला उतरतात, पूल चढून ९ आणि १० नंबर प्लॅटफॉर्मला जातात आणि तिथून वाशी-पनवेलची गाडी (ट्रान्स-हार्बर लाईन) पकडतात. कळव्यातून सरळ ऐरोलीकडे उन्नत मार्ग झाला तर कल्याणची गाडी ठाण्याला न येताच नवी मुंबईला जाईल आणि ठाणे स्टेशनवरची एवढी गर्दी कमी होईल. एमयूटीपी ३, म्हणजे मुंबईच्या रेल्वेसाठीच्या सरकारी प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातलं काम आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं, पण मुख्य मार्ग अडलाय, कारण त्या जागेवर राहणाऱ्या कुटुंबांचं पुनर्वसन. ती माणसंही आमच्या कळव्यातलीच आहेत, त्यांना उचलून कुठे लांब टाकायचं का हा खरा, अवघड, माणसांचा प्रश्न आहे. यावर तासभर चर्चा झाली असती तर किती बरं झालं असतं.

काका शेवटच्या खिडकीत होते. अर्धा तास त्यांचा नंबरच आला नाही. चार प्रवक्त्यांचं चाललेलं की कुठल्या सरकारच्या काळात कोण रेल्वेमंत्री होते आणि तेव्हा किती माणसं मेली. शेवटी अँकर म्हणाले, 'सर, वेळ कमी आहे, एका वाक्यात सांगा, जबाबदार कोण?' काका म्हणाले, 'असं एका वाक्यात नाही सांगता येणार, त्याचं असं आहे की ऐरोली...' आणि आवाज बंद झाला. स्क्रीनवर त्यांचे ओठ हलत होते. पुढच्या सेकंदाला जाहिरात. त्यांनी ते पान वहीतून फाडलं नाही, अजून आहे त्यांच्याकडे, पण परत कुठल्या चॅनेलचा फोन घेतला नाही. मला राग काकांचा अपमान झाला याचा कमी आहे. त्या पानावरचं त्या रात्री लाखो माणसांपर्यंत पोचलं असतं, ते पोचलं नाही, याचा जास्त आहे.

मला माहीत आहे तुम्ही म्हणाल टीआरपी. ठीक आहे, टीआरपीबद्दल बोलू. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याची केस झाली आणि रेटिंग मोजणाऱ्या बार्क या संस्थेने न्यूज चॅनेलचं रेटिंग देणं थांबवलं, ते परत सुरू झालं मार्च २०२२ मध्ये. जवळजवळ दीड वर्ष न्यूजला रेटिंगच नव्हतं. त्या दीड वर्षात कोणाला नंबर येणार नव्हता, कोणी पहिला-दुसरा नव्हता. प्रयोग करायला याहून चांगली वेळ कोणती होती? पण त्या काळातल्या चर्चा काढून बघा, तशाच खिडक्या, तेच प्रवक्ते. म्हणून मला वाटतं की हे फक्त टीआरपीचं नाही, सवयीचं आणि खर्चाचं आहे. प्रवक्ता फुकट येतो, एका फोनवर येतो, रोज येतो, सफाईदार बोलतो आणि त्याच्या पक्षाला त्याला पाठवायची घाईच असते. माहितगार माणूस शोधावा लागतो, त्याच्याशी आधी बोलावं लागतं, विषय स्वतः समजून घ्यावा लागतो, म्हणजे रिसर्चला माणूस लागतो. आणि डेस्कवरची पोरं आधीच बारा-बारा तास राबत असतात, ते मला कळतं. खरंच कळतं. म्हणून हे पत्र त्यांना नाही, तुम्हाला लिहितोय, कारण माणसं किती आणि कुठे लावायची हे तुम्ही ठरवता.

आणि तुम्हाला चांगलं करता येत नाही असं तर अजिबात नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, हजाराच्या वर प्रवासी आत, तेव्हा तुमचे रिपोर्टर गुडघाभर पाण्यात उभे राहून दिवसभर सांगत होते की बोटी कुठे पोचल्या, लोकांना कुठे आणलं. पुढच्याच महिन्यात सांगली-कोल्हापूरच्या महापुरात तुम्ही जे काम केलं ते आमच्या घरात अजून निघतं, आमचे नातेवाईक शिरोळला अडकले होते आणि आम्हाला बातमी तुमच्याकडूनच कळत होती. ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या कळव्याच्या हॉस्पिटलमध्ये एका दिवसात १८ रुग्ण दगावले तेव्हा दारात पहिले तुमचे कॅमेरे होते. बातमी तुमच्या रिपोर्टरने आणली. पण त्याच रात्री चर्चेत बसले कोण, तर परत प्रवक्ते, आणि चर्चा गेली पालकमंत्री कोण आणि शहर कोणाचं यावर. ५०० बेडच्या हॉस्पिटलवर शहापूर-मुरबाडपासूनचा भार का येतो, जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचं नवं बांधकाम चालू असताना पेशंट कुठे जात होते, रात्रपाळीला डॉक्टर-नर्स किती असायला पाहिजेत, हे सांगणारी सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली डॉक्टर मंडळी ठाण्यात गल्लोगल्ली आहेत हो. एकाला तरी बोलवायचं.

तेच महापालिकेचं. मार्च २०२२ मध्ये ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. पाण्याची तक्रार घेऊन जायचं कोणाकडे? बजेट कोणी विचारून मंजूर केलं? २६ लाख वस्तीच्या वर गेलेल्या शहराला स्वतःचं धरण नाही, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, मुंबई महापालिका अशा वेगवेगळ्या ठिकाणाहून पाणी घ्यायचं, घोडबंदर रोडला टॉवर वाढतच चाललेत आणि टँकर पण. त्या सगळ्या काळात ठाण्याचं नाव तुमच्या चर्चेत रोज होतं. जून २०२२ पासून तर ठाणे म्हणजे महाराष्ट्राच्या राजकारणाचं केंद्रच झालं. पण ठाणेकर त्या चर्चेत किती वेळा होता ते तुमच्याच लायब्ररीतले टेप काढून बघा.

एक मुद्दा 'राजकीय विश्लेषक' या पट्टीबद्दल. क्रॉसफायरवाल्यांनी कितीही चुका केल्या तरी माणूस कुठल्या बाजूचा हे ते तोंडावर सांगायचे. आपल्याकडे विश्लेषक म्हणून बसलेला माणूस कुठल्या नेत्याचं सोशल मीडियाचं काम घेतो, कुठल्या पक्षाच्या समितीवर आहे, कुठल्या महामंडळावर जायच्या तयारीत आहे, हे प्रेक्षकाला कधीच सांगितलं जात नाही. चार महिन्यांनी तोच माणूस उपरणं घालून पक्षप्रवेश करताना तुमच्याच चॅनेलवर दिसतो. सगळे तसे नाहीत, काही खरंच अभ्यास करून बोलतात आणि मी त्यांच्यासाठीच थांबून बघतो. त्यांच्यावर अन्याय होतोय म्हणूनही सांगा. नावाखाली एक ओळ लिहा, हे कोणासाठी काम करतात किंवा कोणासाठीच करत नाहीत. विचारून घ्या आणि लिहा.

आणि अँकर मंडळींना हात जोडून एक सांगायचंय. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात न्या. के. एम. जोसेफ यांच्या खंडपीठाने टीव्हीवरच्या द्वेषाच्या भाषणांबद्दल बोलताना सांगितलं की अँकरची भूमिका महत्त्वाची आहे, असं बोलणं पुढे जाऊ नये हे बघणं त्याचं कर्तव्य आहे. म्हणजे तुम्ही त्या जागेचे मालक आहात. आवाज कोणाचा चालू आणि कोणाचा बंद हे तुमच्या एका इशाऱ्यावर पीसीआरमध्ये (कंट्रोल रूममध्ये) ठरतं. मग तो बंद करायचा तर ज्याने तिसऱ्यांदा प्रश्न टाळला त्याचा करा ना. उत्तर देत नाही तोपर्यंत पुढे जायचं नाही, सरळ म्हणायचं, 'तुम्ही उत्तर दिलेलं नाही, मी परत विचारतो.' हे वाक्य मराठी टीव्हीवर जितक्या वेळा ऐकायला मिळेल तितकं बरं.

कोणी म्हणेल मराठी प्रेक्षकाला शांत चर्चा बघायची सवय नाही. हे मला मान्यच नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ मध्ये आणि ती आजही चालू आहे. आगरकर आणि टिळक, एकाच 'केसरी'तले दोघं, मतभेद झाले म्हणून आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वातंत्र्य यावर दोघं एकमेकांवर तुटून पडले, अगदी कडक भाषेत, पण मुद्दा सोडून नाही. लोक दोन्ही वाचायचे. आमच्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. जानेवारीच्या थंडीत नौपाड्यात सरस्वती शाळेच्या मैदानावर रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला होते तेव्हा जाऊन बघा, शाल-स्वेटर घालून लोक तास-दीड तास एक माणूस बोलतोय ते ऐकतात, वक्ता कुठल्याही विचाराचा असो, आणि नंतर बाहेर चहाच्या टपरीवर त्यावर वाद घालतात. तेच लोक रात्री तुमचं चॅनेल लावतात. त्यांना ऐकायची सवय आहे. मोबाईलवर तीन-तीन तासांच्या मराठी मुलाखती ऐकत लोकलमध्ये उभी असलेली पोरं मी रोज बघतो, कानात इयरफोन, दिव्यापासून दादरपर्यंत. एकच माणूस बोलतोय, कोणी ओरडत नाही, आणि तरी ऐकतायत.

तर आठवड्यातून एक संध्याकाळ, शनिवार म्हणा, तासभर, प्रश्न एक. प्रवक्ता एकही नाही. विषय माहीत असलेली दोन किंवा तीन माणसं, त्यांची मतं वेगळी असतील तर उत्तमच, आणि त्या विषयाची झळ बसलेला एक माणूस, ज्याला रडताना दाखवायला बोलवायचं नाही, प्रश्न विचारायला बोलवायचं. मंत्री किंवा आयुक्त येणार असतील तर जरूर बोलवा, कारण निर्णय ते घेतात, पण मग समोर माहितगार बसवा, दुसऱ्या पक्षाचा माणूस नको. तीन महिन्यांनी त्याच प्रश्नावर त्याच माणसांना परत बोलवायचं आणि काय झालं ते विचारायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमच्याकडे कुठलाच विषय परत येत नाही, आज पेटतो, उद्या संपतो, आणि सरकारी ऑफिसात बसलेल्या माणसाला हे नीट माहीत असतं.

पहिला विषय मी सुचवतो, ऐरोली-कळवा लिंक. हे काम करणाऱ्या एमआरव्हीसी या रेल्वे कंपनीचा एक अधिकारी बोलवा, पुनर्वसनाचं काम बघणारा एमएमआरडीएचा एक बोलवा, त्या जागेवर राहणाऱ्या कुटुंबातली एक बाई बोलवा आणि रोज ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरच्या पुलावर चेंगरणारा एक डोंबिवलीकर. रेल्वेचा पट्टा पाठ असलेला माणूस हवा असेल तर काकांना मी तयार करतो, फक्त त्यांचं वाक्य पूर्ण होऊ द्या. तारीख ठरली की स्क्रीनवर जाहीर करा, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि कळवा-मुंब्रा-दिव्याच्या प्रवासी संघटनांच्या ग्रुपवर आम्ही स्वतः पाठवू.

आपला,
कळव्यातला एक प्रेक्षक